काटा बराबर आहे

आमच्या हिवरखेडात कॉफी दोन प्रसंगी होते. घरात कोणाला ताप आला की, नाहीतर पुण्या-मुंबईचा जावई आला की. दोन्ही वेळा धांदल सारखीच, दबक्या आवाजातलं बोलणं सारखंच आणि ‘आता बरं वाटते ना?’ हा प्रश्नही सारखाच. कॉफीची बाटली सगळ्यात वरच्या फळीवर, जायफळाच्या डबीशेजारी असते. ती काढायला स्टूल लागतं. मधल्या काळात आतली भुकटी ओल धरून दगड झालेली असते. चमच्याच्या दांड्यानं तो दगड फोडायचा, दुधात उकळायचा, वर जायफळ किसायचं आणि रोग्याला किंवा जावयाला द्यायचं. दोघेही तक्रार करत नाहीत, कारण दोघांचीही तशी परिस्थिती नसते.

हिवरखेड म्हणजे तेल्हारा तालुक्यातलं, अकोला जिल्ह्याचं. हे सांगावं लागतं, कारण अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातही एक हिवरखेड आहे. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. उत्तरेला मान वर केली की मेळघाटाचे डोंगर दिसतात. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी आमच्याकडे थांबायची. ती २०१७ पासून बंद आहे. तेव्हापासून सावकाशपणाचं काम आम्ही गावकऱ्यांनीच अंगावर घेतलं आहे.

अशा या गावात गेल्या डिसेंबरात माझा भाचा आला. तो अमेरिकेत ओरेगन राज्यात असतो. त्यानं बॅग उघडली आणि एकेक वस्तू पलंगावर मांडली. बगळ्याच्या मानेसारख्या तोटीची किटली, काचेचं नरसाळं, कागदाच्या घड्या, हातानं फिरवायची छोटी चक्की, थर्मामीटर, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा, आणि पाण्यात बुडवायची एक कांडी. त्याच्या मामीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कमरेवर हात ठेवून सगळ्याकडे पाहिलं.

“काय रे बाप्पा, पुरा दवाखाना घेऊन आला! कोणाले बरं नाई?”

“मामी, कॉफीचं सामान आहे हे.”

“म्हंजे बरं नाईच कोणाले तरी,” मामी म्हणाली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग हळूहळू उलगडा झाला. भाच्याचा खरा छंद बीअर करण्याचा. मोटार ठेवायच्या जागेत तो पिंपं ठेवतो आणि मोटार रस्त्यावर. अमेरिकेत घरच्या घरी बीअर करायला केंद्राच्या कायद्यानं मोकळीक मिळाली ती १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे. दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर करता येते, फक्त विकायची नाही. साडेसातशे लिटर हा आकडा ऐकून मी मनातल्या मनात आमच्या गच्चीवरच्या टाकीशी ताडून पाहिला.

या बीअरवाल्यांना पुढे कॉफीचं वेड लागतं, असं तो सांगत होता, आणि त्याला तसं कारणही आहे. काळी बीअर करायची तर सातूचे मोड आणलेले दाणे काळे होईपर्यंत भाजावे लागतात. त्यांचा वास आणि कॉफीचा वास जवळचे नातेवाईक. दाणे भाजायचं कळलं की माणूस बिया भाजायला लागतो. थर्मामीटर, काटा, चक्की ही हत्यारं घरात असतातच. शिवाय बीअर चांगली झाली की बिघडली हे कळायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि कॉफीचा निकाल चार मिनिटांत. जन्मभर दिवाणी दावे चालवणाऱ्या वकिलाला लोकअदालत भेटावी, तसं ते होतं.

“बीअर कशी करतेत रे?” मामीनं विचारलं. तूर निवडता निवडता ती कुठल्याही विषयाचं ज्ञान घेऊ शकते.

भाचा उत्साहानं सांगू लागला. सातू भिजत घालायचे, पाणी बदलायचं, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. मग पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे पिठूळपणाची साखर होते. गाळायचं, हॉप नावाची कडू फुलं टाकून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं आणि झाकून ठेवायचं.

“यीस्ट म्हंजे विरजण?”

“हो, तसंच समजा.”

मामी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, मंग हे अर्धी कुरडईच झाली ना! आमीबी गहू तीन दिस भिजू घालतो, रोज पानी बदलवतो, वाटतो, गायतो, शिजवतो. तुमचं आंबवून पेतेत, आमचं साच्यातून पाडून तयतो. इतकाच फरक.”

भाचा बघत राहिला. दहा वर्षं पुस्तकं वाचून, मंडळांच्या सभांना जाऊन त्यानं जी विद्या मिळवली, तिच्या शेजारचं घर मामीचं निघालं.

“मग इथंच करून दाखव की बीअर,” मी म्हणालो आणि लगेच माझी चूक माझ्या ध्यानात आली. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. घरात दारू करणं हा गुन्हा आहे, आणि प्यायलासुद्धा परवाना लागतो. तो परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून देतात. आमच्याकडे कॉफी तापावर आणि कायद्याच्या लेखी दारू प्रकृतीसाठी. वऱ्हाडात माणसानं निव्वळ आवडतं म्हणून काही प्यावं, अशी सोय फक्त चहात आहे.

खरं तर आमच्या डोंगरात हा छंद फार जुना आहे. मेळघाटातले कोरकू मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं वेचतात, वाळवतात, भिजवतात, आंबवतात आणि मडक्यांची उतरंड लावून गाळतात. त्यांच्याकडे देवालाही तिचा मान असतो आणि लग्नालाही. तिकडे ओरेगनमध्ये हेच केलं की त्याला छंद म्हणतात, मंडळं निघतात, स्पर्धा भरतात, बक्षिसं मिळतात. इकडे त्याला हातभट्टी म्हणतात आणि जीप येते. आणखी गंमत म्हणजे आमच्या गावाच्या नावातच हिवर आहे. हिवर म्हणजे पांढऱ्या सालीची काटेरी बाभूळ. या झाडाची साल जुन्या काळी गुळाची आणि ताडीची दारू गाळताना वापरत. इंग्रजीत तर या झाडाचं एक नावच ‘दारू गाळणाऱ्याची बाभूळ’ अशा अर्थाचं आहे. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण गावाच्या नावाचा हा पैलू मुलांना सांगितला नाही. पालकसभा असते.

तर बीअर बाद झाली आणि कॉफी उरली. भाच्याला कच्च्या बिया हव्या होत्या. मी म्हटलं, त्या चिकमंगळूरला मिळतात. बाबा बुडन नावाच्या सुफी संतानं सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. मी ती वर्गात सांगायचो. कॉफी : कर्नाटक, केरळ, तामिळनाडू. दोन गुण.

“मामा, चिखलदऱ्यात कॉफी होते ना?” भाचा म्हणाला.

मला शरमल्यासारखं झालं. चिखलदऱ्याला मी शाळेच्या पाच सहली नेल्या आहेत. भीमकुंड दाखवलं, देवी पॉइंट दाखवला, पोरं मोजली, पुन्हा मोजली, एक कमी भरलं, ते कणीस खाताना सापडलं. पण इंग्रजांच्या अमदानीत तिथं लावलेली कॉफी अजून आहे आणि महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव घेतात, हे मला ठाऊक असूनही कधी सांगावंसं वाटलं नाही. ते परीक्षेत येत नव्हतं.

आम्ही अकोट, अंजनगाव, परतवाडा करत घाट चढलो. वाटेत दोन्ही बाजूंना केळी, कपाशी, तूर आणि मधून मधून संत्री. वर अकराशे मीटरच्या पुढे हवा एकदम बदलते, अंगावर शाल येते. मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं उभी होती. मामी एका झुडपाजवळ गेली, लाल फळ तोडून तोंडात टाकलं आणि बिया थुंकून म्हणाली, “गोड आहे की! मंग हे लोक गोड टाकून कडू कायले पेतेत?” हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

चिखलदरा म्हणजे कीचकदरा, अशी आमच्याकडची कथा. भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. वाटेत मी भाच्याला आठवण दिली की तेव्हा भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नावानं आचारी होता. त्यानं किती शेर तांदळाला किती पाणी घेतलं, हे महाभारतात कुठं लिहिलेलं नाही. भाचा म्हणाला, तेवढंच तर लिहायला हवं होतं.

ओळखीच्या एकाकडून अर्धा किलो हिरव्या बिया मिळाल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात चूल पेटली. अमेरिकेत हौशी लोक मक्याच्या लाह्या फोडायच्या यंत्रात कॉफी भाजतात, असं भाच्यानं सांगितलं. मामीनं काही न बोलता लाह्यांची लोखंडी कढई आणून ठेवली. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ज्वारीच्या लाह्या ती त्याच कढईत फोडते.

भाच्यानं घड्याळ लावलं, थर्मामीटर रोखला, वही उघडली. बिया हिरव्याच्या पिवळ्या झाल्या तेव्हा ओल्या गवतासारखा वास आला, मग भाकरीसारखा. दोनशे अंशांच्या आसपास तडतड सुरू झाली. बियांच्या आतली वाफ बाहेर पडते, तेव्हा हा पहिला आवाज होतो. तो थांबला की थोड्या वेळानं दुसरा, बारीक, मोहरी तडतडावी तसा.

“आता काढ रे बाबू,” मामी स्वयंपाकघरातून ओरडली. ती तिथून दिसतही नव्हती.

“अजून दीड मिनिट, मामी.”

“अरे, जयून रायल्या ना!”

भाच्यानं वहीवर विश्वास ठेवला. दीड मिनिटानं कढईत जे होतं त्याला आमच्याकडे कोळसा म्हणतात. चूल, लोखंडी कढई आणि तुराट्यांचा जाळ यांची वहीत नोंद नव्हती.

दुसरा घाणा मामीनं भाजला. पूर्ण वेळ ती शेजारणीला एका लग्नातल्या मानापानाची हकिगत सांगत होती. कढईकडे तिनं दोनदाच पाहिलं असेल. हकिगतीत नवरदेवाचा मामा रुसला त्या ठिकाणी तिनं कढई उतरवली, बिया सुपात ओतल्या, पाखडून टरफलं उडवली. बिया बदामी, सारख्या आणि चकचकीत न झालेल्या. भाच्यानं वहीत लिहिलं : वेळ, बारा मिनिटं, खूण, मामा रुसला.

ताजी भाजलेली कॉफी लगेच करत नाहीत, तिच्यातला वायू निघायला एक-दोन दिवस ठेवावी लागते. हे मामीला लगेच पटलं. लोणचंही लगेच खात नाहीत. त्या दोन दिवसांत भाच्यानं पाण्याचा प्रश्न काढला. कांडी बुडवली की पाण्यात किती क्षार विरघळले आहेत ते ती सांगते. कॉफीला लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, असं जाणकार मानतात. कमी असले तर चव फिकी, जास्त असले तर मुकी. आमच्या नळाला वान धरणाचं पाणी येतं. ८४ खेड्यांच्या योजनेचं ते पाणी कांडीला चाललं. मग भाचा खाली पूर्णा नदीच्या बाजूला, पाहुण्यांच्या गावी गेला. तो खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीत कांडी बुडवली आणि आकडा असा चढला की भाच्यानं कांडी झटकून पुन्हा बुडवली.

पाहुणे म्हणाले, “कांडी कायले पाह्यजे? या पान्यात दाय शिजत नाई, इतकं आमाले मालूम आहे.”

भाच्यानं त्यांना सांगितलं की इंग्लंडात बर्टन नावाच्या गावाचं पाणी असंच जड, चुनखडी-जिप्समचं. त्या पाण्यामुळे तिथली बीअर जगात गाजली. आणि पिल्सेनचं पाणी मऊ, म्हणून तिथली बीअर वेगळीच झाली. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बर्टनवाल्यांना पाण्यानं पैसा दिला; इकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक खारं पाणी पीत आले आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यानं दवाखान्याच्या वाऱ्या करत राहिले. परतताना भाचा बराच वेळ बोलला नाही. कांडी त्यानं पुसून खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी कॉफी झाली. बातमी पसरल्यामुळे ओसरीवर अकरा माणसं जमली. भाच्यानं पंधरा ग्रॅम पूड मोजली, दोनशे चाळीस ग्रॅम पाणी. आधी थोडंसं पाणी शिंपडून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे पूड फुगते आणि वायू सुटतो. मग बगळ्याच्या तोटीनं बारीक धार, गोल गोल.

“महादेवाले अभिषेक करून रायला का?” कोणीतरी विचारलं.

एक कप व्हायला चार मिनिटं. अकरा माणसांना पाऊण तास. तिसरा कप गळत होता तोवर मामीनं एका पातेल्यात अकरा जणांचा चहा केला, दिला, कपबशा विसळल्या आणि तूर पुढे निवडायला घेतली. पण कॉफीसाठी माणसं थांबली. शेजारचे म्हातारे बाबा पहिला घोट घेऊन बराच वेळ विचारात पडले. भाचा आशेनं पाहत होता. तिकडे म्हणे या वेळी लोक चवीत जर्दाळू, कोको, फुलं ओळखतात.

“साखर इसरला वाटते पोरगा,” बाबा म्हणाले.

मग प्रत्येकानं आपापली चव सांगितली. एकाला पावसात भिजलेली सरकी आठवली, एकाला ढेप, एकाला तुराट्यांचा धूर. एकजण म्हणाला की शेवटी जिभेवर पानपिंपरीसारखी चुरचुर राहते. आमच्या अकोट-अंजनगाव पट्ट्यात पानपिंपरीचे मळे असल्यामुळे त्याचं मत वजनदार मानलं गेलं. भाच्यानं सगळं लिहून घेतलं. मी हसलो, पण नंतर वाटलं, जर्दाळू ज्यानं अंगणात पाहिला त्याला जर्दाळू आठवतो. आम्ही सरकी पाहिली. जिभेलाही गाव असतंच.

रात्री गच्चीवर मी भाच्याला विचारलं, “एवढं मोजायची हौस कशाला रे? मामी मोजते का कधी?”

तो म्हणाला, “मामा, मामीला तिच्या सासूनं शेजारी बसवून शिकवलं. तिकडे माझ्याशेजारी बसायला कोण आहे? म्हणून काटा घेतला.”

मी गप्प झालो. आपण उगाच समजतो की मोजणाऱ्याला जाणता येत नाही. ज्याला वेळेवर ‘आता काढ रे बाबू’ म्हणणारं कोणी नाही, तो थर्मामीटर घेणार नाही तर काय करेल? आणि बीअरपासून कॉफीपर्यंत हा मुलगा जे शोधत फिरतो आहे, ते बहुधा पेय नसावं. दाणे भाजल्याचा वास घरात भरून राहावा, एवढंच असावं. तो वास त्याला लहानपणी सुट्टीत याच कढईतून आलेला होता. उलट बाजूनं पाहिलं तर आमचीही अडचण आहे. आमची मुलगी पुण्यात कुरडया विकत आणते. मामीचं शास्त्र मामीच्या हातात आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. बल्लवाचंच पुन्हा झालं.

भाचा जानेवारीत परत गेला. सामान आमच्याकडे ठेवून गेला, ‘पुढच्या वेळी लागेल’ म्हणून. बगळ्याच्या तोटीच्या किटलीनं मामी तुळशीला पाणी घालते. धार बारीक पडते आणि माती उडत नाही, असं तिचं मत आहे. काचेच्या नरसाळ्यातून तेल बरणीत ओतलं जातं.

एप्रिलात कुरडया झाल्या. गहू तीन दिवस भिजले, चीक निघाला, मोठं पातेलं चुलीवर चढलं. बरोबर त्याच वेळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र होती. तो म्हणाला, “मामी, मीठ किती टाकता?”

“मूठभर.”

“मूठभर म्हणजे किती ग्रॅम? काट्यावर टाका ना एकदा.”

मामीनं काटा आणवला. मूठ भरली, काट्यावर सोडली. ३१ ग्रॅम. मीठ उचलून पुन्हा मूठ भरली. ३१. तिसऱ्यांदा भरली. ३१ आणि वर दशांश दोन.

भाचा तिकडे थक्क होऊन बघत होता. मामीनं काटा पदरानं पुसला आणि निकाल दिला, “काटा बराबर आहे. थोडा चंचल आहे, पन बराबर आहे.”

भाच्यानं ते वहीत लिहून घेतलं. त्याच्या वहीत काळ्या बीअरच्या पानासमोरच्या पानावर आता कुरडई आहे : गहू किती, पाणी किती वेळा बदलायचं, मीठ ३१ ग्रॅम. खाली कंसात ‘मामीची एक मूठ’.

आमच्याकडे कॉफी अजूनही ताप आल्यावरच होते. फक्त चिखलदऱ्याची पूड घरात आल्यापासून मला ताप जरा वरचेवर येतो.